उन्हाळी लागली म्हणजे काय लागलं?

आमच्या घरात ‘लघवीला जळजळ होते’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे. पौषातल्या थंडीत दात वाजत असले तरी उन्हाळीच. आजी हे आईच्या कानाशी येऊन सांगायची, आणि आई पुढं एक शब्द न विचारता फडताळातला धन्याचा डबा खाली काढायची.

गाव बार्शी तालुक्यातलं. धने-जिरे पाट्यावर भरडायचे, रात्री तांब्यात भिजत टाकायचे, सकाळी फडक्यातून गाळून त्यात खडीसाखर विरघळवायची आणि अनशापोटी प्यायचं. हा पहिला उपाय. दुपारी सब्जा. ते काळं बी पाण्यात फुगून बेडकाच्या अंड्यांसारखं दिसायला लागलं की मी तोंड फिरवायची. तरीही उतार पडला नाही तर पायाच्या दोन्ही अंगठ्यांना ओला चुना. चुन्याचा आणि मूत्राशयाचा काय संबंध, ते पुढं एकतीस वर्षं लघवीच्या बाटल्या तपासूनही मला कळलेलं नाही. पण अंगठ्याला चुना लावलेल्या सुनेला कुणी विहिरीवर पाठवत नसे. तासभर का होईना, तिला बाजेवर पाय पसरून पडायला मिळायचं. हे मात्र मी पाहिलंय.

आणि सराटा. पावसाळा सरला की बांधावर, गाडीवाटेवर त्याच्या वेली जमिनीला चिकटून पसरायच्या, पिवळी बारीक फुलं यायची, मग ती काटेरी फळं. त्यांनी वडिलांच्या सायकलीची ट्यूब इतक्यांदा फुटली, की सायकलवाल्यानं पुढं पुढं हिशोब ठेवणंच सोडलं. हाच सराटा वैद्याच्या तोंडी गोखरू होतो. आजी तो वेचायला वाकत नसे. रबरी टायरच्या जाड चपला घालून ती रानातून एक फेरी मारायची, ओसरीवर येऊन चपला उलट्या करायची आणि तळव्यात रुतलेले सराटे दाभणानं एकेक करून डब्यात पाडायची. वाळवून, कुटून त्याचा काढा व्हायचा. चव विचाराल तर ओल्या पोत्यासारखी.

आजी पोथी वाचणारी नव्हती, पण हे सगळं पोथीत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सव्विसावा अध्याय ‘त्रिमर्मीय’ नावाचा आहे. डोकं, हृदय आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, ही तीन मर्मं. मूत्राशयाला हृदयाच्या पंगतीला बसवलेलं पाहून मला पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती. त्यात मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे कष्टानं लघवी होण्याचे, आठ प्रकार सांगितलेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लघवी अडण्याला आणि कष्टानं होण्याला वेगवेगळे अध्याय आहेत. उपायांत तृणपंचमूळ येतं, पाच गवतांची मुळं: कुश, काश, नळ, दर्भ आणि कांडेक्षु हा उसाच्या जातीतला. गोखरू तर जागोजागी येतो. गावच्या वैद्यबुवांकडं मिळणाऱ्या चंद्रप्रभेचा आणि गोक्षुरादि गुग्गुळाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेत सापडतो. पुढच्या काळात योगरत्नाकरासारख्या ग्रंथांत लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो, कुठल्या दिशेला सरकतो, यावरून रोग्याचं भवितव्य पाहायची रीत आहे. माझ्या धंद्याची ती पणजी म्हणायची.

मी मात्र अडकले ती चरकाच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायापाशी. नाव ‘नवेगान्धारणीय’. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत, असा त्याचा विषय, आणि त्या तेरांत पहिला मान मूत्राचा. अडवला तर काय होतं तेही दिलंय: ओटीपोटात कळ, कष्टानं लघवी, डोकेदुखी, माणूस वाकून चालतो, जांघेत ताठरपणा येतो. उपाय म्हणून शेक, तेल, तूप, बस्ती आणि कोमट पाण्यात बसवणं. आजीसुद्धा मोठ्या घमेल्यात कोमट पाणी करून बाईला त्यात बसवायची. तेव्हा औषध आणि पोथी यांची तोंडओळख होतीच. पण मूत्रकृच्छ्राच्या कारणांची यादी वाचा: अति व्यायाम, तीक्ष्ण औषधं, रूक्ष मद्य, भरधाव घोड्यावरची रपेट, अजीर्णावर खाणं. माझ्या डोळ्यांपुढं तरी एक खाऊनपिऊन सुखी, घोड्यावर बसणारा पुरुषच उभा राहतो. पहाटेच्या अंधारात एकदा जाऊन आलेली आणि आता दिवेलागणीपर्यंत थांबायचंय म्हणून दुपारी पाण्याचा तांब्या परत सारणारी माझी आजी त्या यादीत मला कुठं दिसत नाही.

आता या ‘उन्हाळी’ शब्दाकडं बघा. आजार अंगातला, नाव ऋतूचं. दोष उन्हाचा, नाहीतर खाण्यात आलेल्या उष्णाचा: वांगं, पपई, गूळ, लसणाची चटणी. हा शब्द इतका निरागस का ठेवला असेल, ते मला फार उशिरा उमजलं. मराठीत याच जळजळीला दुसराही एक शब्द होता, ‘परमा’. म्हणजे आजचा गनोरिया. नवऱ्याला परमा झाला तर तो कुठून आला हे गावाला न सांगता कळायचं, आणि बायकोनं जळजळीची तक्रार केली तर तिच्याकडंही त्याच नजरेनं पाहिलं जायचं. सल्फा आणि पेनिसिलिन येईपर्यंत परम्यावर खात्रीचा इलाज नव्हता, बोभाटा मात्र खात्रीचा होता. अशा घरात ‘उन्हाळी’ म्हणणं म्हणजे डोक्यावर पदर ओढून घेण्यासारखं. ऊन काय, सगळ्यांनाच लागतं.

डॉक्टरला दाखवायचं म्हटलं तरी डॉक्टर पुरुष. मुंबईत एडिथ पेची ही इंग्रज डॉक्टरीण १८८३ च्या अखेरीस आली आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं, ते बायकांसाठी आणि बायका-डॉक्टरांच्या हाती. त्याच साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम.डी. झाल्या. आमच्या तालुक्याच्या बाईला यातलं काही मिळायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली. माझ्या लहानपणी बार्शीच्या दवाखान्यात आई स्वतः आत जात नसे. वडील जायचे, ‘घरात जरा उन्हाळीचा त्रास आहे’ म्हणायचे. कंपाउंडर बाटली भरून द्यायचा. बाटलीच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला कातरीनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. आतलं मिक्श्चर पोटॅशियम सायट्रेटचं. ते लघवीचा आंबटपणा मारतं, म्हणून जळजळ कमी होते. जंतू मरत नाहीत. खारट-तुरट चवीचं ते औषध आई डोळे मिटून प्यायची. रोगी घरी, लक्षणं वडिलांच्या तोंडी आणि तपासणी शून्य, असा तो इलाज होता. तोच इलाज आजही गुलाबी सिरपच्या बाटलीतून विनाचिठ्ठी मिळतो, एवढाच काय तो फरक.

मी १९८१ मध्ये सोलापूरच्या एका लॅबमध्ये लागले. डीएमएलटी झालेली, वय तेवीस. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून दोरा बांधलेली एक वस्तू आली. प्रसादाचा नारळ असावा तशी. सोडली तर हॉर्लिक्सची बाटली, अर्धी भरलेली. बाई दाराबाहेर पाठ करून उभी. ‘मधल्या धारेची आणलीय का?’ विचारलं तर तिनं मान आणखी खाली घातली. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली निर्जंतुक बाटलीत धरायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही लाज. त्यानंतर मी एक केलं. बाटल्या लॅबमधूनच द्यायच्या, आणि देताना बाईला आत बोलावून, दार लोटून, सगळं स्पष्ट मराठीत सांगायचं. वरिष्ठांनी एकदा ‘एवढा वेळ?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाहीतर तुमची प्लेट फुकट जाते.

प्लेट फुकट जाते म्हणजे काय, ते सांगते. एक मायक्रोलिटर लघवी मावेल एवढा तारेचा बारीक फास असतो, त्याला लूप म्हणतात. तो बर्नरवर लालबुंद करायचा, निवू द्यायचा, लघवीत उभा बुडवायचा आणि मॅक्काँकीच्या प्लेटवर रेघा ओढायच्या. रात्रभर ३७ अंशांना ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की गुलाबी, कोरड्या, कुंकवाच्या टिकल्यांसारख्या वसाहती दिसल्या तर तो बहुतेक ई. कोलाय. चिकट, शेंबडासारख्या ओघळल्या तर क्लेब्सिएला. हिरवट झाक आणि द्राक्षांसारखा गोडसर वास आला तर स्यूडोमोनास. ब्लड अगारवर लाटांमागून लाटा याव्या तसा पसरलेला दिसला तर प्रोटियस, त्याचा वास नाकातून दिवसभर जात नाही. मग मोजायचं. त्या एका थेंबुकल्यातून शंभराच्या वर वसाहती म्हणजे एका मिलिलिटरला लाखाच्या वर जंतू. हा लाखाचा आकडा बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये घालून दिला. त्याआधी लघवीत जंतू दिसले तर ते मूत्राशयातले की बाटलीत भरताना पडलेले, हा वाद मिटत नसे. कास यांच्या आकड्यानंही तो पूर्ण मिटला नाही. त्रास असलेल्या बाईत लाखाहून कमी जंतूही खरे असू शकतात, हे पुढं कळलं. आणि दुपारच्या एसटीनं चार तास उन्हातून आलेली बाटली असेल तर दहाचे लाख वाटेतच होतात.

ई. कोलायचा शोध लघवीत नव्हे, तान्ह्या बाळांच्या शीत लागला. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. आतड्यात तो गुण्यागोविंदानं नांदतो. बाईच्या शरीरात तिथून मूत्रमार्गाचं तोंड हाकेच्या अंतरावर आणि मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाच्या वीसच्या आसपास. दर दोन बायकांतल्या एकीला आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्याचं निम्मं कारण या चार सेंटिमीटरांत आहे.

आणि तरीही आजीचा शब्द मला लॅबमध्ये सारखा आठवायचा. एप्रिल-मे आला की सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकायचा आणि जळजळीच्या बाटल्यांची रांग लागायची. त्यातल्या कितीतरी प्लेटा सकाळी जशाच्या तशा कोऱ्या. ‘नो ग्रोथ’. बाईला आग होत असायची हे खरं, जंतू नसायचे हेही खरं. घामानं पाणी संपलेलं, प्यायला कमी, लघवी चहाच्या रंगाची. तिलाच आग होते. काहींना खडे असायचे. म्हणजे उन्हाळी या एका शब्दाच्या पोटात दोन आजार होते: एक खरोखर उन्हाचा आणि एक जंतूंचा. धने-जिऱ्याचं पाणी पहिल्याला पुरतं. म्हणूनच आजीच्या दहा रोगिणींतल्या बऱ्याचजणी बऱ्या व्हायच्या आणि तिचं नाव व्हायचं. ज्यांना थंडी वाजून ताप भरायचा, कुशीत कळ यायची, त्या मात्र कुठल्या काढ्यानं बऱ्या होणार नव्हत्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असायचे. माझ्या एका चुलतीला सातव्या महिन्यात असा ताप आला होता. तीन दिवस सब्जा आणि चुना झाला, चौथ्या दिवशी बैलगाडी. ती वाचली. मूल नाही. गरोदरपणी लक्षण नसलं तरी लघवी तपासून जंतूंवर औषध द्यावं लागतं, हेही कास यांच्याच कामातून पुढं आलं. पण आमच्या गावी ते पोचलेलं नव्हतं.

औषधांचीही एक मजेदार वंशावळ आहे. पहिलं म्हणावं असं हेक्झामिन, जर्मनीत निकोलायर यांनी १८९५ च्या सुमारास मूत्ररोगांवर आणलं. ते आंबट लघवीत फुटून फॉर्मल्डिहाइड सोडतं, म्हणजे मूत्राशयात जाऊन जंतुनाशक होतं. सोबत खायचा सोडा घेतला की निकामी. १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल आलं आणि सल्फाचं युग सुरू झालं. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन. त्यानं लघवी गडद पिवळी-तपकिरी होते आणि न सांगता दिली तर बाई घाबरून गोळ्या कचऱ्यात टाकते. नालिडिक्सिक ॲसिड १९६२ चं, क्लोरोक्विन बनवताना बाजूला निघालेल्या पदार्थातून हाती लागलं. मलेरियाच्या गोळीचं चुलत भावंडच. त्याच्या पोटी फ्लुओरोक्विनोलोन आली, त्यातलं नॉरफ्लॉक्सासिन माझ्या डोळ्यांदेखत ऐंशीच्या दशकात अवतरलं.

तेव्हा मी औषधाच्या चकत्या ठेवून प्लेट लावायची. जंतूंचं दाट गवत आणि चकतीभोवती मोकळं वर्तुळ. जेवढं वर्तुळ मोठं तेवढं औषध लागू. नॉरफ्लॉक्सासिनचं वर्तुळ पंचवीस-तीस मिलिमीटर यायचं. पट्टी लावून मोजताना हाताला बरं वाटायचं. मग दरवर्षी ते थोडं थोडं आत सरकलं. सर्दीला, जुलाबाला, पाळीच्या दुखण्याला, कशालाही केमिस्टकडून दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद. २०१२ मध्ये मी निवृत्त झाले तेव्हा त्याच चकतीच्या कडेला जंतू खेटून वाढलेले दिसायचे, मोजायला काही उरलंच नव्हतं. शेजारच्या जुन्यापुराण्या नायट्रोफ्युरँटॉइनचं वर्तुळ मात्र बऱ्याचदा शाबूत. मार्च २०१४ पासून कितीतरी अँटिबायोटिकं शेड्यूल एच-वन खाली आली, दुकानदारानं नोंद ठेवावी असं ठरलं. आमच्या गल्लीत अजून चिठ्ठी मागणारा दुकानदार मला भेटायचाय.

एकदा मी एक आगाऊपणा केला. निवृत्तीच्या आधीची चार-पाच वर्षं असतील. आजीच्या रीतीनं गोखरूचा काढा आटवला, धने-जिऱ्याचं पाणी केलं, कोऱ्या चकत्या त्यात भिजवल्या, वाळवल्या आणि ई. कोलायच्या प्लेटवर ठेवल्या. रात्री झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर दोन्ही चकत्यांच्या अगदी गळ्यापर्यंत जंतू. एक मिलिमीटरचंही वर्तुळ नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सहकारी हसले. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. प्लेटवर पाणी वाहत नाही. मूत्राशय हा वाहता ओढा आहे, आणि आजीचा सगळा इलाज, तो सब्जा, ते जवाचं पाणी, शहाळं, काकडी, कोकम, पेलाभर काढ्यावर तांब्याभर पाणी, हा त्या ओढ्याला पूर आणायचा होता. धने जंतू मारत नाहीत. धन्याच्या निमित्तानं बाई पाणी प्यायची.

याला पुरावा यायला २०१८ साल उजाडलं. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० बायका एका अभ्यासात घेतल्या. निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला लावलं. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध काही नाही, नुसतं पाणी. हे वाचलं त्या दिवशी मी आजीच्या फोटोला हार घातला नाही, पण तांब्या घासून मांडणीवर ठेवला.

एवढं सोपं असेल तर बायका पाणी का पीत नाहीत? हा प्रश्न मी बाटली घेऊन आलेल्या प्रत्येकीला विचारायची. उत्तर एकच, शब्द वेगळे. एसटीची कंडक्टर: ‘मॅडम, डेपोला पोचेपर्यंत जायचं कुठं?’ निवडणुकीच्या ड्युटीवरची शिक्षिका: ‘बूथ होता जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुतारीला दारच नाही.’ ऊसतोडीची बाई काही बोलायची नाही, नुसती फडाच्या दिशेला हात करायची. २०१९ मध्ये राज्याच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची चौकशी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांच्या खोपटांत संडासाचा पत्ता नसतो. ओटीपोटात दुखतंय, अंगावरून जातंय, लघवीला जळतंय, या साऱ्याचा गुंता सोडवायला एक लघवीची बाटली तरी तपासली गेली असेल का, हा विचार माझ्यासारखीच्या मनात येणारच.

आमच्या जुन्या घरात एक शहाणपण होतं, ते म्हणजे मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली, फरशीची, कडेला दगडी कट्टा. परसाकडं अंधारातच जायचं, पण लघवीला बाई मोरीत जाऊ शकायची, तांब्याभर पाणी ओतलं की झालं. मुंबईच्या चाळीतही संडास गॅलरीच्या टोकाला, पण खोलीतली मोरी आपली. घराबाहेर पडली की ही मोरी सुटायची. शेतात, बाजारात, जत्रेत, वारीत. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अठरा-वीस दिवसांची चाल. माझी आत्या वारीत जाताना दशमीच्या फडक्यात सराट्याची पूड बांधून न्यायची आणि पाणी मात्र मुक्कामावर पोचल्याशिवाय प्यायची नाही. औषध बरोबर आणि कारणही बरोबर, दोन्ही एकाच पिशवीत.

संडासासाठी पुरुषांनीही जीव आटवला, हे नोंदवलं पाहिजे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वस्तातला संडास बनवला. देहूत आयुष्य काढलेल्या डॉ. मापुस्करांना मलाच्या गॅससंयंत्राच्या कामासाठी २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण या साऱ्यात बोलणं मैल्याबद्दल, खताबद्दल, गॅसबद्दल. बाईच्या भर दुपारच्या लघवीबद्दल बायकांनीच बोलायला सुरुवात केली, ती फार उशिरा. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ची हाक दिली गेली. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे का, हा त्यांचा साधा सवाल. पुण्यात विद्या बाळांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं तर थेट उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना रस्त्यावरच्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. मासिकानं मुतारीसाठी कोर्टात जावं, याचा मला भलता अभिमान वाटतो. निकालपत्रात चरक नाही, पण विषय तोच: पहिला वेग अडवू नये.

वारी करणाऱ्या त्या आत्याचं पुढं काय झालं तेही सांगते. साठीनंतर तिला दर दीड-दोन महिन्यांनी त्रास व्हायला लागला. गोखरू झालं, गोळ्या झाल्या, कल्चर मीच लावलं. दरवेळी जंतू तोच, आणि दरवेळी एक चकती कमी लागू. कुणीतरी कॅनबेरी का क्रॅनबेरीच्या रसाची महागडी बाटली आणून दिली. त्या फळाचा वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना थोडाफार उपयोग होतो, हे २०२३ च्या मोठ्या आढाव्यात आलंय, पण आत्यानं एक घोट घेऊन ‘कोकमाला काय धाड भरली होती?’ म्हणून बाटली परत केली. शेवटी एका बाई-डॉक्टरांनी तपासलं आणि एस्ट्रिऑल या स्त्रीसंप्रेरकाचं मलम दिलं. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, तिथले राखणदार जंतू जातात आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. हे मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा त्रास झाला आणि नुसतं औषधाविना मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा, असं १९९३ मध्येच छापून आलं होतं. आत्याला ते मिळालं २००९ मध्ये. ‘तिथं लावायचं?’ म्हणून ती आधी हसली, मग रडली. इतकी वर्षं तिथं काय होतंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि ते १८९५ चं हेक्झामिन आठवतंय ना? अँटिबायोटिकं बोथट व्हायला लागल्यावर ते पुन्हा माळ्यावरून खाली आलंय. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांत रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकाच्या तोडीस तोड ते टिकतं, असं २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. जंतूंना त्याची सवय लागत नाही.

गेल्या जूनमधली गोष्ट. माझी नात तिसरीत. पाण्याची बाटली सकाळी जशी भरून दिली तशी संध्याकाळी परत यायची. दोनदा तिची बाटली, म्हणजे दुसरी बाटली, मी ओळखीच्या लॅबला पाठवली. दुसऱ्यांदा लाखाच्या वर. औषध दिलं, बरी झाली. पण पाणी प्यायला तयार नाही. आमच्या वेळी करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ विचारायचो. ती म्हणाली, ‘विचारलं की सोडतात गं, पण आतून कडी लागत नाही. मग दोघी मैत्रिणी दार धरून उभ्या राहतात, आणि मधल्या सुट्टीत त्यांना डबा खायचा असतो.’

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुलींच्या स्वच्छतागृहाची तीन दारं, तिन्हींच्या कड्या तुटलेल्या, एकीच्या जागी सुतळी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, अर्ज केलाय. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून तीन कड्या आणि मूठभर स्क्रू आणले. शिपाईमामांनी पेचकस काढला. पहिली कडी बसेपर्यंत मधली सुट्टी झाली. सात-आठ मुली घोळका करून बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक चिमुरडी मामांच्या बगलेखालून आत शिरली, दार लोटलं, कडी सरकल्याचा आवाज आला. बाहेरून दुसरीनं दार ढकलून पाहिलं. उघडेना.

‘लागली गं!’ आतून आवाज आला.